घरखरेदीचें बिल आणि अशिलाचा हक्क
(इंग्लंडांतील सॉलिसिटरांच्या मेहनतान्याच्या इतिहासाचें एक प्रकरण)

१

गेल्या वर्षीं इंग्लंडांत राहणाऱ्या आमच्या एका स्नेह्यांनीं तेथें एक लहानसें घर विकत घेतलें. व्यवहार पुरा होऊन किल्ल्या हातीं आल्यावर त्यांच्या सॉलिसिटराकडून हिशेबाचा शेवटचा कागद आला. आरंभीं जो अंदाज लेखी कळविण्यांत आला होता त्यापेक्षां हा आंकडा बराच मोठा होता, आणि वाढीव रकमेंत चार बाबी अशा होत्या कीं, ज्यांचा पूर्वीं कधीं उच्चारहि झाला नव्हता. त्याहून विशेष हें कीं, ही सर्व रक्कम सॉलिसिटरानें आपल्याजवळ जमा असलेल्या त्यांच्याच पैशांतून परस्पर वळती करून घेतली होती. आमच्या स्नेह्यांनीं पत्रीं विचारलें, "या हिशेबास हरकत घेण्याचा हक्क आम्हांस आहे काय? आणि असल्यास तो केव्हांपासूनचा?" पहिल्या प्रश्नाचें उत्तर तेथील कायदेपंडितांनीं द्यावें हें उचित, परंतु दुसरा प्रश्न केवळ इतिहासाचा असल्यामुळें त्याचा शोध घेणें आम्हांस प्राप्त झालें.

हा विषय प्रथमदर्शनीं कित्येकांस परका वाटेल. परंतु ज्या मुंबई शहरांत घरें, चाळी व वखारी यांचे व्यवहार दीडशें वर्षांहून अधिक काळ इंग्रजी पद्धतीच्या सॉलिसिटरांच्या हातून झाले, त्या शहराच्या इतिहासाचीं कांहीं मुळें याच विषयांत गुंतलेलीं आहेत. म्हणून त्याचा थोडक्यांत परामर्ष घेण्याचें आम्हीं योजिलें आहे. आमचें प्रतिपाद्य इतकेंच कीं, मेहनतान्याचा दर बांधून देण्याचे जे प्रयत्न इंग्रजी कायद्यानें केले ते आले आणि गेले. मात्र सही केलेला हिशेब अशिलाच्या हातीं दिल्यावांचून पैसा मागूं नये हें जें तत्त्व सतराव्या शतकाच्या आरंभीं प्रस्थापित झालें तें आजतागाईत टिकून आहे, आणि अशिलाचें खरें संरक्षण त्यांतच आहे.

२

प्रथम नांवांचा खुलासा केला पाहिजे. इंग्लंडांत सामान्य कायद्याच्या न्यायालयांत अशिलाच्या वतीनें काम चालविणारा तो अॅटर्नी, व चॅन्सरी न्यायालयांत तेंच काम करणारा तो सॉलिसिटर, असा मूळचा भेद होता. १८७५ सालीं न्यायालयांची पुनर्घटना अंमलांत आली तेव्हां हा भेद नाहींसा होऊन सर्वांस सॉलिसिटर हें एकच नांव प्राप्त झालें. पुढील विवेचनांत जुन्या काळाच्या संबंधानें अॅटर्नी हा शब्द येईल तो याच वर्गाचा समजावा.

पहिल्या जेम्स राजाच्या तिसऱ्या राज्यवर्षीं, म्हणजे १६०५-०६ सालीं, पार्लमेंटानें अॅटर्नींच्या वाढत्या संख्येस व गैरवर्तनास आळा घालण्यासाठीं एक कायदा केला. त्यांत असें ठरविलें कीं, बॅरिस्टर वगैरेंस दिलेल्या फीची पावती, त्यांच्या सहीची, अॅटर्नीनें घेतल्यावांचून ती रक्कम अशिलाच्या नांवें मांडतां येऊं नये. आणि अशिलाकडे पैसा मागण्यापूर्वीं सर्व खर्चाचा खरा तपशील स्वतःच्या हस्ताक्षरानें व नांवानिशीं त्यास द्यावा. जो अॅटर्नी आपल्या फायद्यासाठीं काम लांबवील, किंवा न दिलेला पैसा दिला म्हणून मागेल, त्यानें अशिलास नुकसानीची तिप्पट भरपाई द्यावी व त्याचा धंदा बंद व्हावा, अशी शिक्षा ठेविली होती. येथें एक गोष्ट लक्ष्यांत घेण्यासारखी आहे. फी किती असावी याविषयीं या कायद्याचा रोख नाहीं. त्याचा सारा रोख कागदावर आहे. कागदावर सही आली म्हणजे लबाडी करणाऱ्याचा हात त्याच कागदांत अडकतो, हें व्यवहारज्ञान त्याच्या मुळाशीं आहे.

याहून महत्त्वाचा कायदा दुसऱ्या जॉर्ज राजाच्या कारकीर्दींत १७२९ सालीं झाला. अॅटर्नी होऊं इच्छिणारानें पांच वर्षें उमेदवारी करावी व न्यायालयाच्या पटावर नांव नोंदवावें, हा नियम याच कायद्यानें घालून दिला. बिलासंबंधानें त्यानें तीन गोष्टी ठरविल्या. एक, बिल अशिलास पोंचल्यापासून एक महिना लोटेपर्यंत अॅटर्नीनें फिर्याद करूं नये. दुसरी, बिल वाचतां येईल अशा साध्या अक्षरांत, इंग्रजी भाषेंत व संक्षेप न करितां लिहिलेलें असावें. न्यायालयाचे कागद त्या वेळीं अद्याप लॅटिनांत लिहिले जात होते; तें बंद करण्याचा कायदा पुढें १७३३ पासून अंमलांत आला. म्हणजे न्यायालयांचे कागद लोकभाषेंत येण्याच्या आधीं वकिलाचें बिल लोकभाषेंत आलें. संक्षेपाची मनाई मात्र फार दिवस टिकली नाहीं. १७३९ मध्यें रूढ संक्षेपांस पुनः परवानगी मिळाली. तिसरी आणि सर्वांत मार्मिक गोष्ट ही कीं, अशिलानें मागणी केल्यास न्यायालयाच्या अधिकाऱ्यानें बिलाची छाननी करावी. आणि छाननींत बिलाचा सहावा हिस्सा कमी झाला तर छाननीचा खर्च अॅटर्नीनें सोसावा, न झाला तर तो कोणावर टाकावा हें न्यायालयाच्या विवेकावर असावें. साठ पौंडांचें बिल पन्नासावर आलें तर अॅटर्नी हरला. एकावन्नावर राहिलें तर, नऊ पौंड वांचूनहि, अशील खर्चांत येऊं शके. बिल फुगविणारास व उगीच भांडणारास असा दोघांसहि एकाच नियमानें धाक बसला.

३

येथपर्यंत वाचून कोणासहि वाटेल कीं, १७२९ नंतर घर घेणाऱ्या गृहस्थास या छाननीचा लाभ मिळूं लागला असेल. वस्तुस्थिति तशी नव्हती. अॅटर्नी हा न्यायालयाचा नोकर, म्हणून त्याच्या न्यायालयांतील कामाच्या बिलावर न्यायालयाची नजर, असें या व्यवस्थेचें तर्कशास्त्र होतें. खरेदीखत तयार करणें, विक्रेत्याच्या मालकीची परंपरा तपासणें, गहाणखत लिहिणें हीं कामें न्यायालयाच्या बाहेरचीं. सबब ज्या बिलांत केवळ अशींच कामें असत, तें बिल छाननीस पात्र नसे. त्यांत न्यायालयांतील एखादी क्षुल्लक बाब मिसळलेली असली, तर मात्र तेवढ्या धाग्यानें संपूर्ण बिल छाननीखालीं ओढतां येई. घर घेणारा गृहस्थ सहसा फिर्यादी नसे. त्याच्या बिलांत असा धागा कोठून असणार?

याच काळांत या धंद्यास एक मोठें वरदान मिळालें. १८०४ च्या मुद्रांककायद्यानें असें ठरविलें कीं, मोबदला घेऊन मिळकतीचे दस्तऐवज लिहिण्याचें काम सनद बाळगणाऱ्या कायदेपंडितांवांचून इतरांनीं करूं नये. सरकारनें सनदेवरील कर वाढविला आणि त्याचा मोबदला म्हणून हा मक्ता दिला. अशा रीतीनें १८०४ पासून १८४३ पर्यंत एकुणचाळीस वर्षें खरेदीखताच्या कामाचा मक्ता होता, पण त्या कामाच्या बिलाची छाननी नव्हती.

यांत आणखी एका हक्काची भर पडे. सॉलिसिटराची फी चुकती होईपर्यंत अशिलाचे जे कागद त्याच्या हातीं असतील ते अडकवून ठेवण्याचा त्यास अधिकार होता. अठराव्या शतकांत न्यायालयांनीं तो स्पष्टपणें मान्य केला होता. इतर व्यवहारांत या हक्काची झळ मर्यादित असे; घरखरेदींत मात्र अडकलेला कागद म्हणजे घरच होय. त्या काळीं मालकी सिद्ध होई ती जुन्या खतांच्या पुडक्यानें. पुडकें हातीं नसेल तर घर विकतां येत नसे व त्यावर कर्जहि काढतां येत नसे. तेव्हां वाढीव बिल पाहून अशील कितीहि संतापला, तरी शेवटीं मुकाट्यानें पैसे मोजून पुडकें सोडवून आणी.

ही स्थिति १८४३ च्या सॉलिसिटरविषयक कायद्यानें पालटली. काम न्यायालयांत झालेलें असो वा नसो, बिल छाननीस पात्र आहे असें त्यांत प्रथमच स्पष्ट सांगितलें. बिल पोंचल्यापासून महिन्याच्या आंत मागणी केल्यास छाननी हक्कानें मिळावी. त्यानंतर ती न्यायालयाच्या विवेकावर व अटींवर अवलंबून असावी. आणि बारा महिने लोटल्यावर विशेष कारण दाखविल्यावांचून मिळूं नये, असा मुदतींचा क्रमहि त्यानेंच घालून दिला. शिवाय ज्यास दुसऱ्याच्या सॉलिसिटराचें बिल भरावें लागतें, उदाहरणार्थ सावकाराच्या सॉलिसिटराचें बिल भरणारा ऋणको, त्यासहि छाननी मागण्याची मुभा मिळाली. घर घेणाऱ्याच्या दृष्टीनें १८४३ हें साल १७२९ पेक्षांहि अधिक महत्त्वाचें आहे असें आमचें मत आहे.

४

हिशेब तपासण्याचा हक्क मिळाला, तरी हिशेबाची पद्धतच सदोष असेल तर तपासणारा काय करणार? एकोणिसाव्या शतकांत खरेदीखताचा मेहनताना लांबीवर मोजला जाई. बहात्तर शब्दांचा एक फोलिओ, व प्रत्येक फोलिओस ठराविक फी. भेटीगांठींस व पत्रांस निराळी आकारणी. ६ शिलिंग ८ पेन्स हा वकिली फीचा प्रसिद्ध आंकडा आपणांस विचित्र वाटतो. परंतु तो बरोबर पौंडाचा तिसरा हिस्सा असून जुन्या काळच्या 'नोबल' नामक सोन्याच्या नाण्याची ती किंमत होती. नाणें गेलें, फी राहिली. शब्दांवर पैसा मिळूं लागला म्हणजे शब्द वाढतात हें सांगावयास नको. एकाच अर्थाच्या पांच पांच शब्दांची माळ गुंफलेलीं, वाचतां वाचतां दम लागेल अशीं खतें या पद्धतीचीं अपत्यें होत.

१८८१ सालीं पार्लमेंटानें दोन कायदे एकाच वेळीं केले. एका कायद्यानें नेहमींचीं कलमें खतांत न लिहितांहि लिहिलीं आहेत असें समजावें असें ठरवून खतें आंखूड केलीं. दुसऱ्यानें मेहनतान्याचें मोजमाप बदलण्याचा मार्ग मोकळा केला. खत आंखूड झाल्यावर लांबीवर पोट भरणाऱ्याची सोय पाहणें भागच होतें. त्यास अनुसरून १८८२ मध्यें आज्ञा निघाली व १८८३ च्या आरंभापासून किंमतवार दरपत्रक सुरू झालें. घर घेणाऱ्याच्या सॉलिसिटरास पहिल्या हजार पौंडांवर शेंकडा दीड पौंड, दुसऱ्या व तिसऱ्या हजारांवर शेंकडा एक पौंड, त्यापुढें आणखी उतरत्या दरानें. हजार पौंडांच्या घरास पंधरा पौंड, तीन हजारांच्या घरास पस्तीस, हें अशिलास घर पाहतांनाच कळूं लागलें. ज्या सॉलिसिटरास हें दरपत्रक नको असेल त्यानें काम हातीं घेण्यापूर्वींच अशिलास तसें लेखी कळवावें, अशीहि तजवीज होती. 'पूर्वीं' आणि 'लेखी' या दोन शब्दांत जुन्या कायद्यांचें सार उतरलें आहे.

तथापि आमच्या स्नेह्यांच्या बिलांतील चार बाबींचें बीजहि याच आज्ञेंत सांपडतें. दरपत्रकांत काय येत नाहीं याची जी यादी तींत दिली होती, तींत मुद्रांक, बॅरिस्टराची फी, सरकारी कचेऱ्यांतील शोधाची फी, प्रवासखर्च वगैरे तर होतेच; पण त्याखेरीज व्यवहार चालू असतां एखादा पक्षकार मेला, त्याचें दिवाळें निघालें, किंवा असाच कांहीं फेरबदल झाला, तर त्यामुळें पडणारें जादा कामहि त्यांत होतें. पहिला प्रकार बाहेर दिलेल्या पैशाचा, दुसरा सॉलिसिटराच्या स्वतःच्या श्रमांचा. हे दोन्ही प्रकार न्याय्य आहेत. तंटा उत्पन्न होतो तो या दोहोंची सरमिसळ केल्यानें, किंवा मुळांत ठरलेलेंच काम 'जादा' म्हणून पुनः मांडल्यानें.

५

किंमतवार दरपत्रक सुमारें नव्वद वर्षें चाललें. त्याचा गुण निश्चितपणा. दोष हा कीं, श्रम तेवढेच असतांहि महाग घराचा मालक अधिक देई. सर्वत्र एकच दर असल्यामुळें चढाओढीसहि जागा नव्हती. किंमती व उत्पन्नें यांची चौकशी करणाऱ्या राष्ट्रीय मंडळानें १९६८ सालच्या अहवालांत या पद्धतीवर टीका केली, आणि १९७२ च्या आज्ञेनें दरपत्रक रद्द होऊन 'सर्व परिस्थिति पाहतां न्याय्य व वाजवी' अशी मोघम कसोटी आली. पुढें १९८५ च्या कायद्यानें १८०४ चा मक्ताहि मोडला, व केवळ खरेदीखताचें काम करणारा एक परवानेदार वर्ग निर्माण झाला. चढाओढ सुरू झाली, जाहिरातीचे आंकडे उतरले. पण जाहिरातींतील आंकडा आणि शेवटच्या बिलांतील आंकडा यांच्या मधली जागा 'जादा' बाबींनीं भरूं लागली. बँकेमार्फत रक्कम पाठविण्याची आकारणी, मुद्रांककराचें पत्रक भरण्याची आकारणी, भाडेपट्ट्याच्या घराची जादा आकारणी, अशीं त्यांचीं नांवें आहेत. दराचा निश्चितपणा गेला तेव्हां हिशेबाच्या हक्काचें मोल पुनः वाढलें.

तो हक्क आज १९७४ च्या सॉलिसिटर कायद्यांत आहे. बिलानंतर एक महिना फिर्याद नाहीं. महिन्याच्या आंत अशिलानें मागितल्यास छाननी हक्कानें. त्यापुढें न्यायालयाच्या विवेकानें. बारा महिन्यांनंतर, किंवा पैसे दिल्यावर, विशेष कारण असेल तरच. आणि पैसे देऊन बारा महिने झाले असतील तर मुळींच नाहीं. षष्ठांशाच्या जागीं पंचमांश आला आहे. हजार पौंडांचें बिल दोनशेंनीं उतरलें तर सॉलिसिटर छाननीचा खर्च सोशील. १७२९ आणि १८४३ यांचे सांधे यांत उघड दिसतात. सॉलिसिटरांच्या संस्थेकडून फी वाजवी असल्याचा दाखला मागण्याची जी सवलत होती ती २००९ मध्यें बंद झाली. परंतु २०१० पासून लीगल ऑम्बुड्समन हा अधिकारी अशिलाची तक्रार फीवांचून ऐकतो, आणि डिसेंबर २०१८ पासून घरखरेदीच्या कामाची किंमत, बाहेर द्यावयाच्या रकमांसह, आगाऊ प्रसिद्ध करणें सॉलिसिटरांच्या कचेऱ्यांवर बंधनकारक झालें आहे.

६

जुन्या व नव्या काळांत एक मोठा फरक मात्र पडला आहे. पूर्वीं अडकवून ठेवण्याजोगी वस्तु म्हणजे खतांचें पुडकें. १९२५ च्या कायद्यानें जमिनीच्या सरकारी नोंदणीस चालना मिळाली. डिसेंबर १९९० पासून इंग्लंड व वेल्स येथें विक्रीनंतरची नोंदणी सर्वत्र सक्तीची झाली. आणि २००२ च्या कायद्यानें मालकीचें प्रमाणपत्र देण्याचीहि रीत बंद केली. मालकी नोंदवहींत असल्यामुळें पुडक्याची पूर्वींची मातब्बरी उरली नाहीं. पण पुडक्याच्या जागीं पैसा आला. घराची किंमत, कर व फी यांची सर्व रक्कम व्यवहार पुरा होण्यापूर्वींच सॉलिसिटराच्या खात्यांत जमा होते, आणि बिल त्यांतून वळतें केलें जातें. पूर्वीं अशील पैसे घेऊन कागद सोडविण्यास जाई. आतां कागद त्याचा होतो, पण पैसा अगोदरच गेलेला असतो.

येथें मुदतींचा प्रश्न बिकट होतो. पैसे वळते केले म्हणजे बिल 'चुकतें' झालें काय? तसें मानलें तर विशेष कारण दाखविण्याचा भार अशिलावर पडणार, आणि वर्षानें हक्क समूळ नष्ट होणार. या प्रश्नाचा निकाल ऑक्टोबर २०२४ मध्यें तेथील सर्वोच्च न्यायालयानें दिला. तो खटला अपघाताच्या नुकसानभरपाईंतून कापलेल्या फीचा होता. पण त्यांतील तत्त्व व्यापक आहे. बिल पोंचल्यावर त्यांतील नेमकी रक्कम अशिलानें मान्य केली असेल तरच वळती केलेली रक्कम 'चुकती' ठरते. केवळ परस्पर वजावट ही फेड नव्हे, असें न्यायालयानें ठरविलें. आमच्या मतें या निकालांत १६०५ च्या कायद्याचाच आत्मा आहे. आधीं हिशेब, मग पैसा, हा क्रम उलटा करून अशिलाचा हक्क बुडवितां येणार नाहीं, असा त्याचा अर्थ आहे.

७

आतां मुंबईकडे वळूं. १७९८ मध्यें मुंबईंत रेकॉर्डरचें न्यायालय आलें, १८२४ मध्यें सुप्रीम कोर्ट व १८६२ मध्यें हायकोर्ट. या न्यायालयांबरोबर अॅटर्नी हा वर्गहि आला. हायकोर्टाच्या ओरिजिनल साइडला अशिलाचें काम अॅटर्नीनें घ्यावें व न्यायासनापुढें बॅरिस्टरानें किंवा अॅडव्होकेटानें बोलावें, अशी इंग्लंडांतली वांटणी येथें रुजली. आणि अॅटर्नींचीं बिलें छानण्यासाठीं टॅक्सिंग मास्तराची कचेरीहि तिच्यामागून आली. १८८२ च्या मिळकतींच्या हस्तांतरणाच्या कायद्यानें मुंबईसारख्या शहरांत केवळ दस्तऐवज स्वाधीन करून गहाण ठेवण्याची रीत मान्य केल्यामुळें, खतांच्या पुडक्यास येथें इंग्लंडाइतकेंच मोल होतें. १८९४ सालीं मुंबईच्या सॉलिसिटरांची संस्था स्थापन झाली. १९७६ च्या दुरुस्तीनें अॅटर्नी हा निराळा वर्ग कायद्यांतून गेला. तरी सॉलिसिटर हें नांव व त्या संस्थेची परीक्षा मुंबईंत अद्याप चालू आहे.

या सर्व व्यवहाराचे कागद म्हणजे मुंबईच्या इतिहासाचें एक दुर्लक्षित साधन होय. घरखरेदीच्या बाबवार बिलांत कोणत्या दिवशीं कोणाची भेट झाली, कोणते जुने खत कोणाच्या घरून मिळालें, कोणत्या विधवेची संमति घ्यावी लागली, कोणत्या भाषेंतील कागदाचें भाषांतर करवावें लागलें, अशा बारीकसारीक गोष्टी तारखेनिशीं नोंदलेल्या असतात. सरकारी दप्तरांत असा तपशील सहसा उतरत नाहीं. जो तपशील अशिलाच्या रक्षणासाठीं कायद्यानें सक्तीचा केला, तोच पुढें इतिहाससंशोधकाच्या कामीं येतो. तेव्हां ज्यांच्या घरीं वाडवडिलांच्या खतांचीं पुडकीं असतील त्यांनीं, घर विकलें किंवा पाडलें तरी, पुडक्यांतील बिलें रद्दींत न घालतां जतन करून संशोधकांस दाखवावीं अशी आमची विनंति आहे.

८

आमच्या स्नेह्यांनीं बिल पोंचल्यापासून तिसऱ्या आठवड्यांत कचेरीस लेखी कळविलें कीं, रक्कम आपणांस मान्य नाहीं, प्रत्येक बाबीचा खुलासा मिळावा, आणि त्या बाबीची पूर्वसूचना कोणत्या पत्रानें दिली होती तें दाखवावें. खुलासा आला. भाडेपट्ट्यांत मध्येंच एक दोष निघाल्यानें जें काम वाढलें त्याची आकारणी, व त्यासंबंधानें जमीनमालकाच्या बाजूस दिलेली फी, या दोन बाबी न्याय्य होत्या. त्या त्यांनीं मान्य केल्या. रक्कम पाठविण्याच्या व पत्रक भरण्याच्या बाबींची सूचना कोणत्याच पत्रांत नव्हती. त्या कचेरीनें सोडून दिल्या व तेवढे पैसे परत आले. न्यायालयापर्यंत जावें लागलें नाहीं. रक्कम मोठी नव्हती. परंतु घरासाठीं पै पै जोडणाऱ्या माणसास कोणतीच रक्कम लहान नसते. चारशें वर्षांपूर्वींच्या कायद्यानें अॅटर्नीस जो प्रश्न विचारला होता, तोच त्यांनीं विचारला: हा पैसा कशाचा, आणि यावर सही कोणाची?